सातबहिणींचा डोंगर आणि कोलू पाटलाची पाळ



स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, हे ठाऊक होते. मैदानावरची कबड्डी, गॅदरिंगमधली दंडार आणि गणिताच्या सरांचा दरारा यांवर माझ्यापेक्षा रंगवून लिहिणारे मित्र आपल्या बॅचमध्येच आहेत. म्हणून मी थोडा वेगळा विषय घेतला. आपण शिवाजी महाराजांचे किल्ले शिकलो, सह्याद्री आणि सातपुडा पाठ केला, नकाशात हिमालय रंगवला. पण सौंदडहून वडशाकडे जाणाऱ्या रेल्वेत बसले की देऊळगाव स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे जे डोंगर दिसतात, त्यांच्या नावाचा इतिहास आपल्या पुस्तकात नव्हता. ते डोंगर म्हणजे नवेगावबांधच्या तलावाभोवतीच्या सातबहिणी.

आधी ठिकाणाची ओळख करून देते, कारण आपल्यातले बरेच जण आता पुणे, हैदराबाद आणि त्याही पलीकडे आहेत, आणि त्यांची मुले हा लेख वाचतील अशी आशा आहे. नवेगावबांध हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातले गाव. तिथला तलाव सुमारे ११ चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ ११०० हेक्टर. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत त्याचा घेर १७ मैल, म्हणजे साधारण २७ किलोमीटर दिला आहे. एवढ्या मोठ्या घेरात माणसाने घातलेली पाळ थोडीच आहे. बाकी सगळीकडे पाणी अडवून धरले आहे ते डोंगरांनी. या डोंगर-तलावाच्या परिसराला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर आहे. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका हे सगळे जंगल मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तो महाराष्ट्रातला पाचवा.

आता नावाची गोष्ट. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यात होतो, त्यामुळे आपला जुना इतिहास भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सापडतो. त्यात नवेगावची हकीकत अशी आहे की, हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला. पाळ घालायला घेतली, पण तिचा पायथा पुन्हा पुन्हा वाहून जाई. शेवटी सात बहिणी मदतीला आल्या आणि पाळ पुरी झाली. भोवतालच्या शिखरांना म्हणून सातबहिणी म्हणतात. कोलू पाटलालाही लोकांनी पुढे देव केले. त्याचे नाव कोलासूर देव, आणि त्याचे ठाणे यांपैकीच एका शिखरावर आहे.

गोष्ट एवढीच आहे. चार ओळींची. पण मला ती जितकी आठवते तितकी तिच्यात जास्त काही दिसते.

कोलू पाटील ज्या समाजातला, त्या कोहळी समाजाचे नाव वैनगंगेच्या खोऱ्यात तलावांशी कायमचे जोडले गेले आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोहळ्यांची ओळख मोठमोठे तलाव बांधणारे शेतकरी अशीच दिली आहे. तलावाच्या पाण्यावर धान आणि ऊस पिकवावा, आणि त्यातही ऊस त्यांच्या विशेष आवडीचा, असे त्यात म्हटले आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने आपल्याला काशीहून इकडे आणले, ही त्यांची परंपरागत समजूतही तिथे नोंदलेली आहे. तलाव बांधून जमीन ओलिताखाली आणणाऱ्याला त्या जमिनीचा हक्क द्यावा, अशी गोंड राजांची रीत होती असे सांगतात. नवेगावचा तलाव झाला तो काळ साधारण देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या आगेमागेचा. याच राजाने नागपूर शहर वसवले. भोसले अजून नागपूरला आले नव्हते आणि इंग्रज तर फारच दूर होते. म्हणजे आज ज्याला आपण सिंचन खाते म्हणतो ते नव्हते, दुर्बीण लावून उंची मोजणारे सर्वेअर नव्हते, सिमेंट नव्हते. जे होते ते कुदळ, टोपली, बैल आणि जमिनीचा उतार डोळ्याने वाचणारी माणसे.

मी इंजिनिअरिंग शिकले, पण माझे काम कॉम्प्युटरचे. धरण बांधायला मला कोणी बोलावणार नाही. तरीही पाण्याचे आणि मातीचे साधे नियम लावून पाहिले, तर गोष्टीतले एक वाक्य मला अगदी कामावरच्या माणसाने सांगितल्यासारखे वाटते. ते म्हणजे, पाळीचा पायथा पुन्हा पुन्हा वाहून जाई.

मातीची पाळ दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत घालतात. कामाला वेळ मिळतो तो धान कापून झाल्यापासून मृग लागेपर्यंत. पाळ दोन्ही बाजूंनी वाढत येते आणि मधली फट लहान होत जाते. पाळ पुरी होण्याआधी पाऊस आला, तर सगळ्या डोंगरांवरचे पाणी त्या एका फटीतून धावते. फट जितकी अरुंद, तितका पाण्याचा वेग जास्त, आणि वेगाचे पाणी पहिल्यांदा खोदते ते बुडाला. वरून पाळ उभी दिसते आणि खालून तिचे पाय निघून जातात. त्यात माती नवी असते. ती माणसांनी, बैलांनी तुडवून घट्ट व्हावी लागते, दोन-चार पावसाळे खाऊन बसावी लागते. आणखी एक नाजूक जागा म्हणजे पाळ जिथे डोंगराला भिडते ती. तिथे माती आणि खडक यांच्या सांध्यातून पाणी वाट काढते. तो सांधा पक्का झाला, तर पाळ टिकते.

गोष्ट म्हणते, बहिणी मदतीला आल्या तेव्हा पाळ टिकली. मला यात एक सरळ अर्थ दिसतो. माणसाची पाळ डोंगरांच्या भरवशावर उभी राहिली. २७ किलोमीटरच्या घेरातला मोठा भाग या डोंगरांनी स्वतःच्या अंगाने अडवला, माणसाने फक्त त्यांच्यामधल्या वाटा बुजवल्या. ज्याने कोणी पहिल्यांदा इथे उभे राहून ठरवले की तलाव इथेच होईल, त्याने डोंगरांचे हात एकमेकांना जवळजवळ भिडलेले पाहिले असणार. सात बहिणी हात धरून फेर धरतात तसे. मध्ये कुठे हात सुटला असेल, तिथे पाळ.

पण बहिणीच का? आणि सातच का?

सात हा आकडा आपल्या लोकांचा जुना आवडता. आपल्या उत्तरेच्या सातपुड्यालाही तो लागलेला आहे. सात घड्यांचा म्हणून सातपुडा, असे त्याचे सांगणे आहे. रानात टोळक्याने कलकलाट करत फिरणाऱ्या मातकट पक्ष्यांना मराठीत सातभाई म्हणतात आणि तेच पक्षी इंग्रजीत सेव्हन सिस्टर्स, म्हणजे सात बहिणी होतात. पक्षी दर वेळी मोजून सात नसतात. एकमेकांना धरून राहणारा घोळका असला की सात म्हणायचे.

पाण्याजवळ मात्र सात या आकड्याला आणखी अर्थ येतो. महाराष्ट्रात नदीच्या डोहाशी, विहिरीच्या काठाशी, तलावाच्या पाळीवर सात दगड शेंदूर लावून मांडलेले तुम्ही पाहिले असतील. त्या साती आसरा, म्हणजे सात अप्सरा, पाण्याच्या देवता. त्यांना कुठे सातबहिणी म्हणतात, कुठे नुसत्या बाया. नवा पाट सोडताना, विहिरीला पाणी लागल्यावर त्यांना हळदकुंकू आणि नारळ देण्याची रीत आहे. शिल्पात पाहायचे तर वेरूळच्या लेण्यांत सप्तमातृका ओळीने बसलेल्या आहेत. तेव्हा नवेगावच्या पाण्याभोवती शिखरे दिसली आणि लोकांनी त्यांना सातबहिणी म्हटले, यात नवल नाही. पाणी आले की बहिणी आल्याच.

नवल पुढे आहे. जगात सात बहिणींचे डोंगर इतर ठिकाणीही आहेत. नॉर्वे देशाच्या समुद्रकाठी सात शिखरांची एक रांग आहे, तिलाही सात बहिणीच म्हणतात. तिथली दंतकथा अशी की, त्या राक्षसकुळातल्या मुली होत्या. रात्री बाहेर पडल्या, पळाल्या, आणि सूर्य उगवताच दगड झाल्या. शेजारच्या कर्नाटकात तर तलावाची एक फार करुण कहाणी गातात. ‘केरेगे हार’ या कन्नड कथागीतात गावचा गौडा तलाव खोदतो, पाणी लागत नाही, आणि शेवटी धाकटी सून भागीरथी हिचा बळी दिला जातो. तलावासाठी सुनेचा, मुलीचा, पहिल्या लेकराचा बळी दिल्याच्या कथा आपल्या देशात ठिकठिकाणी ऐकायला मिळतात. पाणी आणि बाई यांचे नाते लोककथेत बहुतेक असे, एकाने मरायचे आणि बाकीच्यांनी प्यायचे.

नवेगावच्या गोष्टीत कोणी मरत नाही. कोणी शापाने दगड होत नाही. बहिणी कामाला येतात, काम पुरे होते, आणि त्या तिथेच राहतात. झाडीपट्टीतल्या आपल्या माणसांनी एवढ्या मोठ्या कामाची आठवण ठेवताना बळीची गोष्ट न रचता मदतीची गोष्ट रचली, याचा मला फार अभिमान वाटतो.

मला असेही वाटते की, या सातबहिणींमध्ये माणसांच्या बहिणीही मिसळल्या असाव्यात. आपल्याकडे मातीचे काम म्हणजे एकाने खोदायचे आणि दुसऱ्याने टोपली उचलायची. टोपली बहुतेक बाईच्या डोक्यावर असते. रोजगार हमीच्या कामावर, रस्त्यावर, बोडीच्या खोलीकरणावर आपण हे पाहत आलो. आषाढात आपल्याकडे रोवणी सुरू झाली की चिखलात वाकून ओळीने मागे मागे सरकणाऱ्या बायाच असतात, आणि त्या एकट्यादुकट्या कधीच नसतात. सहा-सात जणींचा घोळका, एकीने गाणे उचलायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे. कोलू पाटलाचे नाव राहिले, कारण पाटलाचे नाव राहतेच. टोपल्या वाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. लोकांनी मग मदत करणाऱ्यांचे नाव डोंगराला दिले, आणि ते बहिणीचे नाव आहे. कागदावर हजेरी लागली नाही, ती डोंगरावर लागली.

कोलासूर या नावातही विचार करण्यासारखे आहे. आपल्या पुस्तकी कथांत असुर म्हणजे मारायचा. नवेगावात मात्र ज्याने पाणी दिले त्याच्या नावात असुर आहे आणि त्याला नारळ फुटतो. असुर म्हणजे माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम करणारा, असा अर्थ त्या भक्तांच्या मनात असावा. देवही कसा, तर स्वतः शिखरावर, म्हणजे सातबहिणींच्याच अंगाखांद्यावर बसलेला. तलाव कोणी बांधला याचे उत्तर आपल्या लोकांनी असे दोघांत वाटून दिले आहे.

नावे मात्र आपोआप टिकत नाहीत. आपल्या तलावांचेच पाहा. मालगुजारी गेली ती १९५१ मध्ये, आणि गावोगावचे तलाव सरकारकडे आले. सरकारी कागदात ते झाले माजी मालगुजारी तलाव, आणि बोलताना त्याचे झाले मामा तलाव. बहिणींच्या भरवशावर राहिलेल्या तलावांना सरकारने मामा करून टाकले, हा विनोद सोडला तरी यात एक गोष्ट घडली. प्रत्येक तलावाला त्याचे स्वतःचे नाव होते, कोणाच्या आजोबाचे, कोणत्या झाडाचे, कोणत्या देवाचे. मामा म्हटल्यावर हजारो तलाव एकाच नावाखाली गेले. नवेगावच्या तलावाचे पाणी डोंगरांच्या कुशीत जिथे जिथे आत शिरते, त्या टोकांना तिथे उगवणाऱ्या झाडा-वनस्पतींवरून नावे आहेत, असे गॅझेटियर सांगते. तिथे राहणाऱ्या माणसाला नावावरून कळत होते की इथे काय उगवते.

राष्ट्रीय उद्यान झाले, व्याघ्र प्रकल्प झाला, याचा मला आनंदच आहे. जंगल राहिले म्हणून डोंगर राहिले, डोंगरावर झाडे राहिली म्हणून तलावात गाळ कमी आला. पण गाभा क्षेत्रात जाणे-येणे नियमांनी बांधलेले असते, आणि ते असायलाही हवे. जिथे रोजचे जाणे-येणे थांबते, तिथली नावे मात्र हळूहळू तोंडातून जातात. नकाशा डोंगराची उंची देतो. डोंगर बहीण का झाला ते नकाशा सांगत नाही. ते सांगणारी माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

हे काम एका माणसाने केले तर काय होते याचे उदाहरण नवेगावबांधलाच आहे. वनाधिकारी म्हणून इथे राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी जंगलातल्या माणसांना विचारून विचारून पक्ष्यांची, झाडांची आणि प्राण्यांची नावे गोळा केली, आणि मराठी भाषेला पक्षिकोश दिला. इथल्या मुक्कामावर त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. सोलापूरचा माणूस आपल्या जंगलात येऊन आपल्याच नावांची वही भरून गेला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. डोंगरपाण्याची नावे टिपण्यासाठी वनखात्याची परवानगी लागत नाही. कोणाच्या तरी ओट्यावर बसून ऐकावे लागते.

माझ्या कामात एक शिस्त आहे. प्रोग्राम लिहिताना प्रत्येक गोष्टीला नाव द्यावे लागते, आणि ते नाव ती गोष्ट काय करते हे सांगणारे असावे लागते. नाहीतर काही वर्षांनी नवा माणूस येतो, त्याला वाटते ही ओळ कशाला हवी, आणि तो ती काढून टाकतो. मग सगळे बंद पडते. गावाचेही तसेच आहे. सातबहिणी हे नाव म्हणजे एक सूचना आहे. हे डोंगर तलावाचे भागीदार आहेत, यांना हात लावाल तर पाणी जाईल, असे तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी पुढच्यांसाठी लिहून ठेवलेले आहे. नाव विसरलो, तर उरतो तो मुरूम आणि दगड. मुरमाला गिऱ्हाईक लगेच मिळते, आणि सगळेच डोंगर काही राष्ट्रीय उद्यानात नाहीत.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे. आपल्या शाळेत सौंदडची मुले होती, तशी आजूबाजूच्या गावांतूनही येत होती. प्रत्येकाने आपापल्या गावातली दहा नावे लिहून आणावीत. शेताच्या बांधीचे नाव, बोडीचे, नाल्याचे, टेकडीचे, पाळीवरच्या देवाचे. नावापुढे ते का पडले हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या शब्दांत लिहावे, झाडीबोलीत असेल तर झाडीबोलीतच. शंभर माजी विद्यार्थ्यांनी लिहिले, तर हजार नावांची वही होईल. ती शाळेच्या वाचनालयात ठेवू. ती कॉम्प्युटरवर चढवून नकाशाला जोडण्याचे काम मी करीन, हे इथे लिहून देते.

सुरुवात आपल्या गावापासूनच करता येईल. मराठी शब्दकोशात सौंदड या शब्दाचा अर्थ दिला आहे शमीचे झाड. दसऱ्याला जिची पूजा होते, पांडवांनी जिच्यावर शस्त्रे ठेवली असे महाभारतात सांगितले आहे, ती शमी. आपण दहा वर्षे हे नाव वहीवर लिहिले, शाळेच्या दाखल्यावर ते आले, रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर रोज वाचले. घरी गेल्यावर आजीला नाहीतर आजोबांना विचारा, गावात शमी कुठे होती. ते जे सांगतील ती वहीतली पहिली नोंद.

सर्वांना मेळाव्याच्या शुभेच्छा. वही कोरी आहे, येताना नावे घेऊन या.